समासातली चाल

सासऱ्यांनी घोडा उचलला आणि पुस्तकात लिहिलं होतं नेमका तिथे नेऊन ठेवला. विचार नाही, हनुवटी खाजवणं नाही, तोंडातल्या तोंडात पुटपुटणं नाही. दाराशी काढलेली चप्पल पायात सरकवावी तसा ठेवला आणि उशीला टेकून बसले. समोरच्या जावयाच्या काळजात धस्स झालं. कारण ही चाल सासऱ्यांची नव्हतीच. त्यांना घरीदारी सगळे नाना म्हणत, आणि नानांचा खेळ त्याला तोंडपाठ होता: राजापुढचं प्यादं दोन घरं, लगेच वजिरापुढचं दोन घरं, आडवं येईल ते मारायचं आणि वजीर घेऊन थेट अंगावर धावून यायचं. लग्न झाल्यापासून दर रविवारी, जेवणं आटोपली की नानांच्या बाहेरच्या खोलीत हा पट मांडला जायचा. मोठ्या माणसाने पांढरी घ्यायची हा नियम नानांनीच केलेला, त्यामुळे तो जन्माचा काळा. "जावईबापू, करा विचार, चहाला अजून वेळ आहे," असं म्हणायचे आणि चहा यायच्या आत मात देऊन मोकळे व्हायचे. मागच्या रविवारी मात्र नाना पहिल्यांदा अडखळले होते. त्याने राजापुढचं प्यादं न ढकलता वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं ढकललं, आणि नानांचा वजीर नेहमीसारखा मैदानात उतरला तो घोड्याच्या तडाख्यात सापडून नुसता इकडून तिकडे पळत राहिला. नाना पटाकडे बराच वेळ बघत बसले. मग डोळ्यांवर हात ठेवून म्हणाले, आज डोकं जड आहे, राहू दे. डाव अर्धाच राहिला, पण त्या अर्ध्या डावावर तो आठवडाभर तरंगत होता. आणि आज हा घोडा. सत्तरी उलटलेला माणूस आठवड्याभरात जन्माची खोड टाकतो? कुठेतरी पाणी मुरत होतं. चहा आला, तो हरला, आणि चहाला कसली चव होती ते त्याला कळलंच नाही.

पुस्तकाची गोष्ट कोणालाही माहीत नव्हती. निदान अशी त्याची समजूत होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानात आधी एक पातळ पुस्तक मिळालं, त्याने चटक लागली, मग हे जाड मिळालं. जाड पुस्तकात एकच गोष्ट शिकवली होती: सिसिलियन बचाव. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं ढकललं की काळ्याने समोरासमोर उभं राहायचं नाही, बाजूने उत्तर द्यायचं. हे वाचताना त्याला आपलीच कोणीतरी बाजू घेतल्यासारखं वाटलं होतं. त्याने पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं, कव्हरावर काही लिहिलं नाही, आणि मधल्या खोलीतल्या कपाटात शब्दकोशांच्या मागे ते ठेवलं. संध्याकाळी घरी आला की दार लोटून घ्यायचा, छोटा पट मांडायचा आणि एकेक चाल हलवत बसायचा. तो छापखान्यात मुद्रितशोधक होता. दुसऱ्याच्या लिहिण्यावर विश्वास ठेवायचा नाही याचाच त्याला पगार मिळत असे. जे बरोबर दिसतंय ते आधी तपासा, असं तो नव्या पोरांना सांगायचा, आणि पोरं मागे त्याची नक्कल करायची. हे पुस्तकही त्याने तसंच वाचलं. तिसऱ्याच पानावर एक उंट अशा घरात उभा केला होता की त्या उंटाच्या सात पिढ्या तिथे पोचल्या नसत्या. त्याने चूक खोडली, समासात बरोबर घर लिहिलं, हिरव्या शाईने. छापखान्यात बाकीचे लाल वापरत, हिरवी एकट्याची. त्याच्या हिरव्या खुणेला खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी कधी उलट विचारलं नाही, खिळा काढला आणि सांगितला तो बसवला. घरीही त्याची ही सवय सुटली नव्हती. औषधाच्या बाटलीबरोबरचा कागद, लग्नाची आमंत्रणं, विजेच्या कंपनीची सूचना, सगळ्यांवर हिरवी रेघ ओढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "ह्यांची हिरवी खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं बायको चारचौघांत म्हणायची, आणि त्यात कौतुक किती न् चेष्टा किती ते त्याला कधी ठरवता आलं नव्हतं. नानाही मान डोलवायचे. छापलेलं खोटं असेल, जावयाचं हिरवं खोटं नसतं, म्हणायचे.

मग नानांना सांगितलं कोणी? पुस्तकवाल्याला हा माणूस कोण, कुठला, याचा पत्ता नव्हता. छापखान्यात त्याच्यासमोर बसून मूळ प्रत मोठ्याने वाचणाऱ्या बाई होत्या, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कव्हराकडे एकदा डोकावून पाहिलं होतं. पण त्यांना नानांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. उरली घरातली, बायको. तिचं नाव मनात यायच्या आधीच त्याला ते ठाऊक होतं असं म्हटलं तरी चालेल, कारण हे असं आधीही एकदा घडलेलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, गॅलरीत कपडे वाळत घालताना, तो तिला सहज बोलून गेला होता की मला तुझ्या वडिलांची भीती वाटते. नवीन नवीन होतं, काहीतरी आपलं असं द्यावंसं वाटलं, दुसरं काही जवळ नव्हतं, म्हणून ते दिलं. तिने ओला टॉवेल झटकला आणि हसली. आणि त्या रविवारी नाना पट मांडता मांडता म्हणाले, घाबरू नका हो जावईबापू, मी चावत नाही. आतून तिचं हसू ऐकू आलं. एवढंच. पण ते हसू इतक्या वर्षांत त्याच्या कानातून गेलं नव्हतं. ओल्या टॉवेलचा वास आला की अजून ते ऐकू यायचं. त्या घरात बापलेक अर्धी वाक्यं बोलायची आणि उरलेली अर्धी न बोलता त्यांना कळायची. तो मध्ये बसून दोन्हीकडे पाहायचा. नाना नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले, भिंतीवर त्यांनी काढलेल्या पुलांचे आराखडे फ्रेम करून लावलेले, आणि त्यातला प्रत्येक पूल तिला नावानिशी ठाऊक. त्याला एकही नाही. आपली बायको आपली आहे की अजून त्या घरची आहे, हा प्रश्न त्याने कधी मोठ्याने विचारला नाही. पण दर रविवारी काळी मोहरी मांडताना तो प्रश्न तिथेच, पटावर असायचा, आणि एकदा, एकदाच जिंकलो तर त्याचं उत्तर मिळेल असं त्याच्या मनाने कधीचं घेतलं होतं.

आता तो पाहायला लागला, आणि पाहायला लागलं की काय दिसत नाही? शब्दकोश आधी सरळ रेषेत असायचे, आता एक जरा पुढे आलेला. कव्हराचा कोपरा दुमडलेला. पुस्तक उघडलं की ते आपोआप एका ठरावीक पानावर उघडायचं, आणि ते पान तो शिकत होता त्याच्या पुढचं होतं. त्याने एक दोरा दोन पानांमध्ये ठेवून पाहिला. दुसऱ्या दिवशी दोरा तिथेच होता, पण वेगळ्या बाजूने लोंबत होता, किंवा त्याला तसं वाटलं. तो स्वतःवरच चिडला. अरे, तू मुद्रितशोधक की चोर पकडणारा शिपाई? पण मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून जगाने डोळे मिटायचे की काय? बायको दर बुधवारी वडिलांकडे जायची, ते जुनंच होतं. हल्ली मात्र उशिरा यायची, आणि आल्यावर चेहऱ्यावर काहीतरी असायचं. थकवा म्हणावा तर थकवा नव्हता. परीक्षा बरी गेलेल्या मुलीसारखी ती दिसायची. काय केलंत एवढा वेळ, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, काही नाही, बसलो होतो. फोनवर नानांशी बोलत असायची, आणि तो खोलीत आला की वाक्य वळायचं, हवेवर जायचं, गुडघ्यावर जायचं. एकदा तो पाणी प्यायला उठला तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून, कांदा अर्धा चिरून, बोटाने ओट्याच्या चौकोनी फरश्यांवर काहीतरी मोजत होती. दोन पुढे, एक बाजूला. त्याला पाहून तिने बोट पुसलं आणि पुन्हा सुरी उचलली. तो पाणी न पिताच परतला.

असे काही आठवडे गेले, मग एका रविवारी त्याने मुद्दाम वाट बदलली, पुस्तकातलीच, पण दुसऱ्या प्रकरणातली. नानांनी त्यालाही पुस्तकातलं उत्तर दिलं. मध्ये एकदा थांबले, ओठ हलले, डोळे मिटले, पाठ केलेलं आठवावं तसं. मग हात पुढे आला. बायको दारात उभी होती. चहाचा ट्रे हातात, चहा निवतोय, आणि ही पटाकडे बघते आहे. नानांचा हात बरोबर घरात पडला आणि तिचा खांदा सैल झाला, हे त्याने पाहिलं. अगदी स्वच्छ पाहिलं. राग आला असता तर बरं झालं असतं. राग घरी नेता येतो, दार आपटता येतं. हे तसलं नव्हतं. आपण एका खोलीत दोघांशी खेळतोय आणि आपल्या बाजूला कोणी नाही, एवढंच त्याला समजलं. दुसऱ्या दिवशी छापखान्यात त्याने एक आख्खी ओळ गाळलेली तशीच पुढे जाऊ दिली, आणि समोरच्या बाईंनी वाचन थांबवून विचारलं, आज तुम्ही स्वल्पविरामाशी भांडताय का? तो म्हणाला, नाही, कोणाशी नाही.

विचारायचं सरळ होतं. तू नानांना सांगतेस का? चार शब्द, त्यात उच्चारायला कठीण असा एकही नाही. पण ती नाही म्हणाली असती तर? तो विश्वास ठेवणार नव्हता हे त्याला माहीत होतं. आणि हो म्हणाली असती तर पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. त्याला उत्तर नको होतं, पुरावा हवा होता. त्याच्या धंद्यात तोंडी काही चालत नसे. शेवटी त्याला सुचलं ते इतकं सोपं होतं की तो हातातली गॅली, तपासायचा छापील कागद, तशीच धरून बसून राहिला. पुस्तक आता आपोआप उघडायचं त्याच्या पुढच्याच पानावर, काळ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं तर पांढऱ्याने काय करायचं, ते दिलेलं होतं. घाई करू नये, उंटापुढचं प्यादं एक घर सरकवावं, पांढऱ्याची बाजू बरी, असं सांगून प्रकरण तिथेच संपत होतं. चाल बरोबर होती. त्याने ती पटावर दहा वेळा खेळून पाहिलेली. त्या जागी पांढऱ्याने हाव धरून घोड्याने ते प्यादं खाल्लं, तर काळ्याचा वजीर कडेला येऊन शह देतो आणि त्याच रांगेतला घोडा फुकट जातो. शिकाऊ माणसालाही दिसेल. पण समासात हिरव्या शाईने लिहिलेलं असेल तर? त्याने संध्याकाळी दार लोटलं, टोपण काढलं, आणि जन्मात पहिल्यांदा बरोबर छापलेलं खोडलं. हात अडला. खरंच अडला, बोटांना ते करायचं नव्हतं. त्याने रेघ ओढली, समासात 'घोड्याने प्यादं घ्यावं' असं सुवाच्य लिहिलं, शेजारी चांगल्या चालीचं उद्गारचिन्हही काढलं. शाई वाळेपर्यंत तो पानावर फुंकर घालत बसला. बाहेर बायको नळाखाली भांडी घासत होती आणि काहीतरी गुणगुणत होती, आणि त्याला वाटलं, जाऊन सांगावं, कव्हर फाडून टाकावं, पट गॅलरीतून खाली फेकावा. त्याने पुस्तक शब्दकोशांच्या मागे ठेवलं आणि जेवायला गेला.

रविवारी नाना नेहमीच्या जागी बसले होते, दाढी करून, धुतलेला सदरा घालून. एका गालावर केसांचा पट्टा राहिला होता. हल्ली असं राहायचं. राजापुढचं प्यादं, उंटापुढचं प्यादं, वजिरापुढचं प्यादं, मारामारी, घोडा. त्याने राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं आणि हात मांडीखाली घेतला. बायको दारात येऊन उभी राहिली. नानांनी घोड्याकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. त्यांनी पटाच्या डाव्या कडेकडे पाहिलं, जिथून शह येणार होता तिथे, अगदी तिथेच, मग घोड्याकडे, मग पुन्हा कडेकडे. त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली. नानांनी घोडा उचलला आणि प्यादं खाल्लं. आता एवढं झालं की संशय फिटला पाहिजे आणि बरं वाटलं पाहिजे, असा त्याचा हिशेब होता. त्याने वजीर कडेला नेला, शह म्हणाला, पुढच्या खेपेला घोडा उचलून बाजूला ठेवला, आणि बरं वाटायची वाट पाहिली. नाना आणखी थोडा वेळ खेळले, पण खेळत नव्हते. मग राजा आडवा केला. इतक्या वर्षांत त्या राजाला आडवं झालेलं त्याने पाहिलं नव्हतं. खाली लावलेली फेल्टच्या कापडाची चकती दिसली, हिरवी, कडेने कुरतडलेली. नानांनी हात पुढे करून त्याचा हात हातात घेतला, जिंकलात, म्हणाले. आणि मग मुलीकडे न बघता, पटाशीच बोलल्यासारखं, "मला दिसत होतं गं. पण म्हटलं, मलाच चुकीचं दिसत असेल."

परतताना ती रस्त्याच्या कडेने चालत होती आणि तो तिच्या एक पाऊल मागे. आता ती बोलेल, आता रडेल, आता भांडेल, असं त्याला वाटत होतं, आणि प्रत्येकासाठी त्याच्याकडे एक वाक्य तयार होतं. ती बोलली ती स्वतःवरच चिडून. मीच पान चुकीचं वाचलं असणार, म्हणाली; घाईत पाहिलं, चष्मा नव्हता लावला. तिने लपवायचासुद्धा प्रयत्न केला नाही, आणि तयार वाक्यं त्याच्या तोंडात तशीच राहिली. घरी आल्यावर चप्पल न काढता ती मधल्या खोलीत गेली, शब्दकोशांच्या मागून पुस्तक काढलं, पट मांडला. किती झरझर मांडला. त्याला कळेना ही कधी शिकली, आणि मग कळलं की ती शिकलेलीच होती, नानांच्या घरात वाढली होती. त्यानेच कधी विचारलं नव्हतं. तिने समासातली चाल केली, वजीर कडेला आणला, घोडा गेलेला पाहिला. मग मोहरी परत ठेवून छापलेली चाल केली आणि बोट प्याद्यावर ठेवून बसून राहिली.

"अहो, तुमची खूण चुकली आहे इथे."

एक दार उघडं होतं. हो, चुकली असेल, एवढं म्हणायचं, आणि ती म्हणाली असती, होतं असं, माणसाकडून चूक होतेच. तो तोंड उघडणार तोच तिने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू जुळत गेलं.

"तुमची खूण चुकत नाही," ती म्हणाली.

मग त्याने सांगितलं, सगळं, दोऱ्यापासून. सांगताना त्याचा आवाज चढला, कारण शेवटी गुन्हा तिचाच होता, त्याचा पुरावा आता पटावर होता. तू सांगत होतीस की नाही, हो की नाही, एवढं बोल. सांगत होते, ती म्हणाली. आणि सांगायला लागली ते वेगळंच. गेल्या हिवाळ्यात नाना दाढीची पाती आणायला म्हणून बाहेर पडले आणि त्यांना परतीची गल्ली सापडेना. ज्या माणसाने जन्मभर नकाशे काढले तो स्वतःच्या चौकात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पत्ता विचारत होता. डॉक्टर म्हणाले, सुरुवात असू शकते, नसूही शकते, डोकं चालतं ठेवा. नानांनी तिला शपथ घातली, जावयाला कळता कामा नये. कळलं की तो जपून खेळेल, आणि जपून खेळलेला डाव मला नको. ज्या दिवशी पट ओळखू येणार नाही त्या दिवशी मी समजेन, असं ते म्हणत. आणि त्या पहिल्या रविवारी, उंटापुढचं प्यादं पुढे आलं तेव्हा, त्यांना पट ओळखू आला नव्हता. त्या बुधवारी ती गेली तर नाना खिडकीशी बसलेले, दिवा न लावता, आणि म्हणाले, संपलं गं, मला डावच कळला नाही. तिने घरी येऊन कपाट धुंडाळलं, पुस्तक सापडलं, आणि तिला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी सकाळीच ती धावत गेली: नाना, तुमचं डोकं ठीक आहे, ह्यांनी पुस्तक आणलंय! नाना लहान मुलासारखे हसले. मग ती रोज तो कामावर गेला की एकेक पान पाठ करायची, आणि बुधवारी दोघं बसून ते घोटायची. त्यांना येत होतं, ती म्हणाली. सगळं राहत होतं डोक्यात. आज त्यांना दिसलं होतं, अहो. ते थांबले होते, तुम्ही पाहिलंत. मी मान हलवली म्हणून त्यांनी घोडा उचलला. आणि मी मान का हलवली, तर समासात हिरवं होतं म्हणून.

ती रडली नाही. उठली, चप्पल काढली, स्वयंपाकघरात गेली. तो पटासमोर बसून राहिला आणि त्याला त्या वेळी, लाज वाटावी अशी गोष्ट, पहिल्यांदा एवढंच जाणवलं की ही आपल्याविरुद्ध नव्हती. मग बाकीचं जाणवलं, आणि ते आठवडाभर जाणवत राहील, महिनाभर राहील, हेही जाणवलं.

सोमवारी त्याने छापखान्यात निरोप पाठवला आणि दोघं दुपारी नानांकडे गेली. पुस्तक त्याच्या हातात होतं, कव्हर काढून टाकलेलं. वाटेत ती म्हणाली, तुम्ही सांगा, मी काही बोलणार नाही. नानांनी दार उघडलं. दाढी केलेली नव्हती. बाहेरच्या खोलीत पट मिटून पेटीवर ठेवलेला होता आणि पेटीला दोरी बांधलेली होती. ही घेऊन जा तुमच्याकडे, नाना म्हणाले, मला आता त्यात काही दिसत नाही; म्हणजे दिसतं, पण दिसतं ते खरं की काय, ते कळत नाही. तो उभ्याउभ्याच बोलला. नाना, ती चाल खोटी होती, छापलेलं बरोबर होतं, मी मुद्दाम खोडलं, मला संशय आला होता, तुम्हाला जे दिसलं तेच खरं होतं, तुमचं डोकं शाबूत आहे, घात मी केला. नाना शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी पुस्तक मागून घेतलं, खिडकीशी नेलं, पान डोळ्यांजवळ धरलं, हिरव्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"कधी केलीत ही खूण? काल घरी गेल्यावर?"

नाही, तो म्हणाला, आधीच, मागच्याच आठवड्यात, रविवारच्या आधी. नानांनी मान हलवली, समजल्यासारखी. मुलीला विचारलं, तू सांगितलंस ना ह्यांना, माझं? तिने हो म्हटलं. खोटं तिला बोलता येईना. मग झालं तर, नाना म्हणाले, म्हणूनच माझ्या समाधानासाठी हे रचलंत. आणि हसले. पटावर त्याची चाल आधीच ओळखली की हसायचे तसं हसले. सूर्य पश्चिमेला उगवला म्हणालात तर एक वेळ ऐकेन जावईबापू, पण तुम्ही आणि खोटी खूण? खोटं बोलायलासुद्धा सराव लागतो. तो हट्टाला पेटला. बसा, म्हणाला, आत्ता एक डाव टाकू, कोणाचं ऐकू नका, तुमच्या मनाने खेळा, बघाच तुम्ही. नानांनी नुसता हात वर केला. आता तुम्हाला माहीत आहे, म्हणाले. आता मी जिंकलो तरी तुम्ही जिंकू दिलंत असंच मला वाटणार. त्याने बायकोकडे पाहिलं, तू तरी सांग असं, आणि तिने सांगितलं, खरं आहे नाना, ह्यांनी असंच केलं. नानांनी तिच्या पाठीवर थोपटलं. तिच्या शब्दावर विश्वास ठेवायची त्यांची तयारीच नव्हती. लेकीने नवऱ्याला साथ दिली, याचंच त्यांना समाधान वाटलेलं दिसत होतं.

त्यांनी पेटी उचलून त्याच्या हातात दिली, दोरीची गाठ नीट बसली आहे ना ते बघितलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून मुलीला म्हणाले, "माणूस चांगला मिळाला गं तुला."

हे वाक्य त्या घरात ऐकण्यासाठी तो इतकी वर्षं काळी मोहरी घेऊन बसला होता.

"हो," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

दोघं जिना उतरू लागली. ती एक मजला पुढे होती, आणि त्याच्या काखेतल्या पेटीत मोहरी प्रत्येक पायरीला एकमेकांवर आपटत होती. वरून नानांनी हाक मारून सांगितलं की खालच्या दोन पायऱ्या तुटक्या आहेत, बघून उतरा.